धागा: प्रत्येक खांबाला अर्थिंग आहे, तरी खांब करंट मारतो. असं का?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. मी विजेच्या क्षेत्रातला नाही. बँकेत पस्तीस वर्षं खुर्ची झिजवली आणि आता आमच्या प्लॉटधारक सोसायटीचा खजिनदार आहे, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात आलंय.

आम्ही साताऱ्याबाहेर माळावर राहतो. सोसायटीचा आतला रस्ता अंदाजे ६०० मीटर, त्यावर तीस-तीस मीटरवर २० लोखंडी खांब आणि प्रत्येकावर ९० वॅटचा एलईडी. सिंगल फेज मीटर एकच. फीडर पिलरमध्ये (दिव्यांना वीज जिथून जाते ती पेटी) टायमर, कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर दिवे चालू-बंद करणारा स्विच) आणि ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). तिथून दोन कोअरची १६ स्क्वेअरची अ‍ॅल्युमिनियम आर्मर केबल (वरून लोखंडी तारांचं कवच असलेली) जमिनीखालून एका खांबातून दुसऱ्या खांबात जाते. प्रत्येक खांबाच्या बुडाशी अर्थिंगचा खड्डा आहे. वीस खड्ड्यांचं बिल मीच पास केलं होतं, त्यामुळे हे पक्कं माहीत आहे.

गेल्या गुरुवारी रात्री पावसात आमच्या वॉचमनमामांचा कुत्रा १४ नंबरच्या खांबापाशी गेला, एकदा केकाटला आणि तिथंच संपला. मामा धावत गेले, त्यांच्याही पायाला मुंग्या आल्या. नशीब की पायात रबरी बूट होते. तेव्हापासून रस्त्याचे दिवे बंद आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार आला. खांबाला टेस्टर लावला, "काही नाही काका" म्हणाला. मग म्हणाला, अर्थिंग जुनं झालंय, वीसही खड्डे नव्यानं भरू, मीठ-कोळसा नको, केमिकल टाकू. कोटेशन बघून माझ्याच अंगात करंट आला.

माझा प्रश्न बाळबोध आहे. अर्थिंग असताना करंट जमिनीत जायला हवा ना? मग एमसीबी का पडला नाही?

मोगरा

बापरे. काका, आधी त्या खांबाभोवती दोरी बांधा. शाळेची पोरं तिथूनच जात असतील ना?

हिशेबनीस

बांधली आहे ताई. दिवे बंद आहेत आणि पिलरला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे.

खांबवाला

काका, एका नगरपालिकेत विद्युत विभागात २९ वर्षं काढली, त्यातली निम्मी खांबांखाली. तुमचा प्रश्न बाळबोध मुळीच नाही, चांगले परवानाधारक इथं गोते खातात.

पहिली गोष्ट. ठेकेदार सकाळी आला. सकाळी टायमर बंद, म्हणजे केबलमध्ये फेजच नाही. टेस्टर काय दाखवणार, कपाळ? तपासायचं असेल तर रात्री, दिवे चालू करून, आणि तेही परवानाधारक माणसानं.

दुसरी गोष्ट हीच खरी मेख आहे. "करंट जमिनीत जातो" हे आपण सगळे म्हणतो आणि डोळ्यांपुढे पावसाचं पाणी आणतो. पाणी जमिनीत मुरतं, संपलं. करंट मुरत नाही. तो ज्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून निघाला, त्याच वाइंडिंगकडे त्याला परत जायचं असतं. तुमची डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीचं ४३३ व्होल्ट करते. तिच्या दुय्यम बाजूच्या स्टारचा (तीन वाइंडिंग जिथं एकत्र जोडलेली असतात तो) मधला बिंदू म्हणजे न्यूट्रल, आणि तो डीपीपाशी दोन स्वतंत्र जोडांनी जमिनीला बांधलेला असतो. तर १४ नंबरच्या खांबाला फेज चिकटला की करंट खांबातून खड्ड्यात, खड्ड्यातून मातीत आणि मातीतून डीपीच्या खड्ड्यात येऊन न्यूट्रलला मिळतो. वर्तुळ पूर्ण होतं, पण मातीमधून.

आता आकडे घ्या. माळावरच्या मुरमात एका पाइपाचं अर्थिंग ३० ओहमच्या आसपास येतं असं धरू. डीपीचं २ ओहम. एकूण ३२. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट. २३० भागिले ३२ म्हणजे ७ अँपिअरच्या थोडं वर. तुमचे वीस दिवे ८ अँपिअर घेतात. बेरीज १५ ते १६. एमसीबी आहे ३२ चा. तो का पडेल? त्याच्या लेखी सगळं आलबेल आहे, कोणीतरी गिझर लावलाय एवढंच.

आणि ७ अँपिअर गुणिले ३० ओहम म्हणजे खांबावर २१० च्या पुढे व्होल्ट. रात्रभर.

ओहम शांती

+१. मी एवढंच जोडतो की खड्डा ३० चा १० ओहम केलात तरी खांबावर १९० व्होल्ट राहतात. २३० भागिले १२ म्हणजे १९ अँपिअर, तरीही ३२ चा एमसीबी ढिम्म. वीस खड्ड्यांत केमिकल ओतून ठेकेदाराचं घर भरेल, खांब तसाच मारेल.

हिशेबनीस

खांबवालासाहेब, तुमचं "कोणीतरी गिझर लावलाय" हे वाक्य वाचून उठलो आणि बिलांची फाइल काढली. मे ६०५ युनिट, जून ९४०, जुलै ११७०. कमिटीत मी सांगितलं होतं की दर वाढले. दर बघितले होते, युनिट बघितलेच नव्हते. पस्तीस वर्षं बँकेत!

खांबवाला

हाहा. साडेसात अँपिअर म्हणजे पावणेदोन किलोवॅट, रोज अकरा तास, तीस दिवस. ५७० युनिट. मे आणि जुलैची वजाबाकी करा.

हिशेबनीस

५६५. 😶

बॅटरीबाई

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. काका, अजून एक बघा. बहुतेक सिंगल फेज स्टॅटिक मीटरवर "अर्थ" लिहिलेला छोटा लाल दिवा असतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा नसेल तर तो पेटतो. वीजचोरी पकडण्यासाठी दिलेला असतो, पण अशा वेळी फुकटचा हेर असतो. आणि १४ नंबरच्या खड्ड्याजवळची जमीन बाकीच्यांपेक्षा लवकर वाळते का, हेही आठवून बघा. दीड किलोवॅट उष्णता तिथं मातीत उतरतेय.

मुलांना मी सांगते, अर्थिंगची दोन कामं वेगळी ठेवा. खांबापाशी गाडलेला पाइप वीज पडली, सर्ज आला तर उपयोगी, थोडाफार व्होल्टेजही खाली ओढतो. पण बिघाड झाल्यावर फ्यूज उडवायचा तर धातूची परतीची वाट लागते, खांबापासून थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत. ती नसेल तर आरसीसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये ठरावीक फरक पडला की पुरवठा तोडणारा स्विच. तिसरा मार्ग नाही.

सुतळीबॉम्ब

एवढं कशाला? खांबाच्या जंक्शन बॉक्समध्ये बॉडीला न्यूट्रल बांधून टाका. फेज चिकटला की डायरेक्ट शॉर्ट, एमसीबी खटकन. आमच्याकडे सगळे तेच करतात.

बॅटरीबाई

दादा, उडेल, हे खरं. पण तिसऱ्या खांबापाशी न्यूट्रल तुटला तर? पुढच्या सतरा दिव्यांमधून फेज न्यूट्रलच्या तारेत येतो, ती तार बॉडीला बांधलेली, म्हणजे सतराही खांब जिवंत. आणि दिवे बंद पडलेले, म्हणून लोकांना वाटणार लाइट गेलीय. अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यात न्यूट्रल सैल होणं ही काय दुर्मीळ गोष्ट आहे? शिवाय रोजचा लोडचा करंटही थोडाथोडा खांबांतून आणि मातीतून फिरतो. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ एकाच जागी, ट्रान्सफॉर्मरपाशी. पुढे दोघं शेजारी चालतील, पण भेटणार नाहीत.

सुतळीबॉम्ब

ओके, हे डोक्यात नव्हतं. आमच्या वायरमनला वाचायला पाठवतो.

सिनसिनाटीकर

रस्त्यांच्या दिव्यांची डिझाइनं करणं हे माझं इथलं रोजचं काम, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे अमेरिकेत हायवेच्या दिव्यांना बऱ्याच ठिकाणी ४८० व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा असतो. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वाइंडिंगचा मध्यबिंदू जमिनीला बांधलेला, दोन्ही टोकांच्या तारा खांबांकडे. दोन्ही जिवंत, जमिनीपासून २४०-२४० व्होल्टवर. दिव्यांना न्यूट्रल लागतच नाही. ब्रेकर दोन पोलचा, खांबाच्या बुडात दोन्ही तारांवर फ्यूज. ते फ्यूज होल्डरही असे की गाडीनं खांब उडवला तर तिथूनच सुटून यावेत, उघड्या तारा रस्त्यावर लोळू नयेत. ४८० कशासाठी? त्याच दिव्यांना करंट निम्मा, म्हणजे टक्क्यांत व्होल्टेज ड्रॉप चौथाई. मैलोनमैल लाइन असते.

पण मुद्दा तोच. इथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये स्पष्ट म्हटलंय की जमिनीला फॉल्ट करंटची परतीची वाट समजायचं नाही. खांबापाशी रॉड ठोका, पण फेजच्या तारांबरोबर तिसरी हिरवी तार आलीच पाहिजे. नव्या लोकांना मी एवढंच विचारतो, ही हिरवी तार शेवटी कुठं जाते? "ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला" असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न, आणि टाकी मध्यबिंदूला कुठं जोडलीय? तो एक जोड राहिला तर शंभर खांबांची हिरवी तार शोभेची.

ओहम शांती

१:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला तर? दुय्यम बाजू जमिनीला बांधायचीच नाही. करंटला परत जायला वाटच नाही, शॉकच नाही. बाथरूमच्या शेव्हर सॉकेटमध्ये असतं ना तसं.

खांबवाला

शेव्हरसाठी उत्तम, रस्त्यासाठी नको. शेव्हरला एकच उपकरण, दोन मीटर वायर. इथं ६०० मीटर केबल आणि वीस जंक्शन बॉक्स. पहिला बिघाड होईल तेव्हा खरंच काही होणार नाही, कोणाला कळणारही नाही. तो पहिला बिघाडच तुमच्या "न बांधलेल्या" ट्रान्सफॉर्मरला जमिनीशी बांधून टाकतो. मग वर्षभरानं दुसऱ्या तारेचा बिघाड दुसऱ्या खांबावर होतो आणि दोन खांबांत मिळून २३० व्होल्ट उभे राहतात. इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारं यंत्र आणि ते बघणारा माणूस असेल तर करा. ऑपरेशन थिएटरमध्ये असतं तसं. सोसायटीत वॉचमन आहे, भूलतज्ज्ञ नाही.

जाता जाता, सोडियमच्या काळातले डिमर पॅनेल अजून काही ठिकाणी आहेत, मध्यरात्रीनंतर व्होल्टेज उतरवणारे. त्यातला असतो ऑटोट्रान्सफॉर्मर. एकच वाइंडिंग, आयसोलेशन शून्य. आणि एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याच्या आतलं, त्याला वीज पुरवणारं सर्किट) कमी व्होल्टला उलट जास्त करंट ओढतो, म्हणजे बचतही गेली. दिवे बदलताना ती पेटी काढून टाका.

राजापूरकर

आमच्याकडे जांभा. पाइप अर्थिंग शंभर ओहमच्या खाली आलं तर आम्ही पेढे वाटतो. आम्ही काय करायचं? सगळे खांब समुद्रात रोवायचे?

बॅटरीबाई

नको, खारं पाणी खांब खाईल. :)

तुमच्यासाठीच आरसीसीबी. हिशेब सोपा आहे. अर्थिंगचे ओहम गुणिले आरसीसीबीचा करंट हे ५० व्होल्टच्या आत हवं. ३०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १६६ ओहम चालतात, १०० मिलिअँपिअरच्याला ५००. म्हणजे जांभ्यातला शंभराचा खड्डाही काम करतो. ज्या कामासाठी एमसीबीला खड्डा जवळपास शून्य ओहमचा लागला असता.

पण ३० मिलिअँपिअरचा मुख्य पिलरमध्ये लावू नका. एलईडी ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडी गळती कायमच असते. एका दिव्याची पाऊण मिलिअँपिअर धरली तरी वीस दिव्यांची पंधरा होते, आणि ३० चा आरसीसीबी पंधराच्या पुढे कधीही पडू शकतो. पावसात रोज पडेल आणि चौथ्या दिवशी कोणीतरी तो बायपास करेल. हे मी स्वतः पाहिलंय, आतून वायरचा तुकडा टाकून वर झाकण लावलेलं. एलईडीसाठी ए टाइप घ्या, तो डीसी मिसळलेली गळतीही ओळखतो; एसी टाइप नको.

खांबवाला

काका, तुमची केबल आर्मरची आहे म्हणालात. खांबाच्या बॉक्समध्ये केबल शिरते तिथं पितळी ग्लँड (केबल घट्ट धरून आर्मर खांबाला जोडणारी कडी) आहे का, आणि आर्मरच्या तारा त्यात दाबलेल्या आहेत का? दिवे बंद, पिलर लॉक, मग परवानाधारक वायरमनकडून उघडून घ्या.

आणि रात्रीच्या चाचणीत त्याच्याकडून तीन गोष्टी मोजून घ्या. क्लॅम्प मीटरनं फेजचा आणि न्यूट्रलचा करंट वेगवेगळा. १४ नंबरच्या खांबापासून दहा मीटर लांब जमिनीत सळई ठोकून खांब ते सळई व्होल्टेज. आणि तिथंच एक १५ वॅटचा बल्ब लावून बघायचा, कारण डिजिटल मीटर कधीकधी भुताचे व्होल्ट दाखवतो. बल्ब पेटला तर भूत नव्हे. रबरी हातमोजे, बूट, आणि पाऊस नसताना. तुम्ही स्वतः हात लावायचा नाही, लांबून वहीत लिहायचं.

मोगरा

कुत्रा गेला आणि माणूस वाचला, हे बुटांमुळेच का?

खांबवाला

बुटांमुळे, आणि चार ओल्या उघड्या पायांमुळे. खांबाजवळच्या जमिनीवर व्होल्टेज उतरत जातं. पुढचे पाय एका पायरीवर, मागचे दुसऱ्या, आणि करंटची वाट छातीतून. गाई-म्हशींचं तेच. आणखी एक, वीज कायद्याच्या कलम १६१ मध्ये माणसाबरोबर जनावराच्या मृत्यूचीही खबर द्यायची तरतूद आहे. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला पत्र द्या. "कुत्राच तर होता" म्हणून सोडू नका.

हिशेबनीस

उशीर झाला, माफी असावी. शनिवारी रात्री परवानाधारक वायरमन आणला, या ठेकेदाराचा नव्हे. पाऊस नव्हता. वहीतून उतरवतो.

फेज १५.६ अँपिअर, न्यूट्रल ८.१. फरक साडेसात. खांबवालासाहेबांनी घरबसल्या ७ च्या थोडं वर सांगितला होता! खांब ते सळई २०८ व्होल्ट. बल्ब असा पेटला की मामांनी हात जोडले. मीटरवरचा "अर्थ"चा लाल दिवा चालू होता, जूनपासूनच असणार. रोज त्या मीटरसमोरून मी फिरायला जातो.

रविवारी बॉक्स उघडले. १४ मध्ये केबल पत्र्याच्या कापलेल्या भोकातून आत शिरलेली, ग्लँड नाही. पत्र्याची कड फेजच्या इन्सुलेशनमध्ये आरपार, तिथं काळा डाग आणि जळका वास. आणि आर्मर? विसांपैकी एकाही खांबात जोडलेला नाही. दोन्ही बाजूंनी छाटून त्यावर काळी टेप गुंडाळलेली, नीट, हळदीकुंकवाच्या पुडीसारखी. म्हणजे परतीची अर्धीअधिक वाट आम्ही विकत घेऊन जमिनीत पुरून ठेवली होती आणि प्रत्येक खांबात कापली होती.

आता काय करू? वायरमन म्हणतो ग्लँड लावून आर्मर जोडू आणि पट्टी थेट डीपीपर्यंत नेऊन तिथल्या अर्थिंगला बांधू.

खांबवाला

ग्लँड आणि आर्मर, शंभर टक्के. प्रत्येक ग्लँडपासून खांबाच्या बोल्टला वेगळा लग (तारेच्या टोकाला दाबायची धातूची चकती), पेंट खरवडून. नुसत्या ८ गेजच्या जीआय तारेवर मात्र भिस्त ठेवू नका. लोखंडाची ती तार ६०० मीटरला सात ओहमच्या घरात जाते, मग शेवटच्या खांबावर करंट २८ अँपिअरच येतो.

डीपीला हात लावायचा नाही. ती वीज कंपनीची, विनापरवाना तिथं काही बांधणं गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. ग्राहकाच्या जागेत अर्थ टर्मिनल देणं हे पुरवठादाराचं काम आहे, तसा लेखी अर्ज करा. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तुमचे वीस खड्डे आर्मरनं एकत्र आले की एकूण दोनेक ओहम होतील. पण तेवढ्यावर खुश होऊ नका. डीपीचे २ आणि तुमचे २, म्हणजे बिघाडाच्या वेळी निम्मं व्होल्टेज वीसही खांबांवर. म्हणून आरसीसीबी हवाच, आजच.

बॅटरीबाई

१०० मिलिअँपिअर, ए टाइप, दोन पोल. आणि ३२ चा एमसीबी काढून १६ चा लावा, सी कर्व्ह (एमसीबी किती चटकन पडतो त्याचा प्रकार). बी कर्व्ह लवकर पडतो खरा, पण वीस ड्रायव्हर एकदम चालू होताना जो धक्का करंट येतो त्यालाही पडेल.

सिनसिनाटीकर

आणि दर महिन्याला टेस्ट बटण दाबायची तारीख वॉचमनच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हिशेबनीस

काम झालं. चाळीस ग्लँड, लग, १४ आणि १५ मधला केबलचा तुकडा नवा, आरसीसीबी, एमसीबी आणि मजुरी. सगळं मिळून त्या कोटेशनच्या चौथ्या हिश्शातही आलं नाही.

पहिल्या रात्री दिवे लावले आणि आरसीसीबी लगेच पडला. वायरमन म्हणाला, यंत्रच खराब. मी इथलं वाचलेलं असल्यामुळे अडून बसलो. एकेक खांब सोडवत गेलो तर ६ नंबरमध्ये कोणा महाभागानं न्यूट्रल बॉडीला बांधलेला सापडला. सुतळीबॉम्ब, तुमचाच वायरमन आमच्याकडेही येऊन गेला असावा. तो जोड सोडला आणि आरसीसीबी टिकला. गळती मोजली, १३ मिलिअँपिअर.

ठेकेदाराचा फोन आला होता, केमिकलवर दहा टक्के सूट देतो म्हणून.

निरीक्षक कार्यालयाला पत्र गेलं, वीज कंपनीला अर्थ टर्मिनलचा अर्ज गेला, दोन्हींची पोच फाइलला. मामांना दुसरं पिल्लू आणून दिलंय, पण ते त्याला रात्री सोडत नाहीत.

सुतळीबॉम्ब

काका 🙏. आमचे ३२ खांब उद्यापासून उघडतोय.

राजापूरकर

आरसीसीबी लावला. खड्डा १४० ओहम, तरी वायरमननं टेस्टला फेजपासून खांबापर्यंत बल्ब लावला तर पेटायच्या आत पडला. बल्ब १०० वॅटचा होता, लहान लावू नका, पडणार नाही आणि उगाच घाबराल.